पारावरचे बोलणे

आमच्या गावाच्या वेशीवर एक सुरेख कमान आहे. नवखे पाहुणे मान वर करून तिच्याकडे पाहतात आणि गावाचे कौतुक करतात. त्या कमानीखालून जाताना माझी मान मात्र आपोआप खाली जाते. असे का होते, ते आज सांगावयाचे आहे.

गोष्ट काही वर्षांपूर्वीची. आमच्या खालच्या आळीत तेव्हा नळ नव्हता. बायकामुली ओढ्यापलीकडच्या विहिरीवरून पाणी आणीत. उन्हाळा लागला की विहिरीचा तळ दिसू लागे आणि एका हंड्यासाठी तास तास तिष्ठत बसावे लागे. माझ्या वर्गातील तीन मुली त्यामुळे नेहमी शाळेत उशिरा येत. अशातच एके दिवशी वेशीपाशी दगड, विटा, वाळू येऊन पडली आणि पाहता पाहता कमान उभी राहिली. वडाच्या पारावर आमची चर्चा रंगली. "पाण्याला पैसा नाही आणि कमानीला आहे!" असे जो तो म्हणू लागला. त्यांत सर्वांत मोठा आवाज माझा होता.

शेजारच्या काकू डोक्यावर हंडा घेऊन पारावरून चालल्या होत्या. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, कमानीचं ठरलं त्या सभेला तुम्ही होता का?"

मी निरुत्तर झालो. ग्रामसभेची दवंडी मी ऐकली होती. ग्रामपंचायतीच्या फलकावरील नोटीसही वाचली होती. पण १ मेचा तो दिवस सुट्टीचा होता, ऊन कडक होते. आपण एकटे न गेल्याने काय अडणार आहे, असे म्हणून मी घरी स्वस्थ झोपलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी ग्रामपंचायतीच्या कचेरीत गेलो आणि सभेच्या कामकाजाची वही पाहण्यास मागितली.

गावाच्या मतदारयादीत ज्याचे नाव आहे, तो प्रत्येक जण ग्रामसभेचा सभासद असतो. सरपंच व पंच पाच वर्षांसाठी निवडले जातात; ग्रामसभेचे सभासदत्व कोणाला निवडून आणावे लागत नाही. २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आलेल्या ७३व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला आपल्या राज्यघटनेतच स्थान मिळाले. महाराष्ट्रात ती वर्षातून किमान चार वेळा भरवावी लागते. सभेस मतदारांपैकी १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे लोक हजर असावे लागतात. आमच्या गावात तेव्हा ९०० मतदार होते. त्यांचे १५ टक्के १३५ होतात. म्हणजे आमच्या सभेला १०० माणसे पुरेशी होती.

वहीत लिहिले होते : हजर ४१, गणसंख्येअभावी सभा तहकूब. पुढच्या पानावर तहकूब सभेचा वृत्तान्त होता. अशा सभेला गणसंख्येचे बंधन नसते. तीत १७ जण हजर होते. खाली ओळ होती : "वेशीवर कमान उभारण्याचा ठराव सर्वानुमते मंजूर."

'सर्वानुमते' हा शब्द मी पुन्हा पुन्हा वाचला. त्या 'सर्वां'त काकू नव्हत्या; त्या विहिरीवर होत्या. मीही नव्हतो, मी झोपलो होतो. त्या सतरा जणांनी कोणाचा हक्क हिरावून घेतला नव्हता. आमचा हक्क आम्हीच घरी टाकून बसलो होतो.

पुढची सभा १५ ऑगस्टला होती. नळाचा विषय सभेपुढे घ्यावा, असा अर्ज आम्ही आधीच लेखी दिला आणि त्याची पोच घेतली. ग्रामसभेपूर्वी गावातील स्त्रियांची वेगळी सभा घ्यावी, असा नियम आहे. त्या सभेत काकू प्रथमच उभ्या राहिल्या आणि त्यांनी पाण्याचे गाऱ्हाणे मांडले.

मुख्य सभेला १२८ जण आले. वरच्या आळीचे म्हणणे होते, की आधी रस्ता व्हावा. आवाज चढू लागले. माझी पाळी आली तेव्हा मी अध्यक्षांची परवानगी घेऊन उठलो आणि वर्गाच्या हजेरीपटावरून, मार्च व एप्रिल महिन्यांत त्या तीन मुली किती दिवस उशिरा आल्या, तेवढे आकडे वाचून दाखविले. कोणावर दोष ठेवला नाही. सभा शांत झाली. वरच्या आळीतील एक वृद्ध शेतकरी म्हणाले, "आधी पोरींचं पाणी होऊ द्या. रस्ता मागाहून घ्या. पण तेही लिहून ठेवा."

सगळे उठू लागले. इतक्यात काकू म्हणाल्या, "मला वाचता येत नाही. काय लिहिलंय ते वाचून दाखवा."

त्या वेळच्या ग्रामसेवकांनी वाचले : "पाणीपुरवठ्याच्या विषयावर सविस्तर चर्चा झाली."

"चर्चेनं हंडा भरत नाही, भाऊसाहेब," काकू म्हणाल्या. "काय ठरलं ते लिहा."

ग्रामसेवकांनी हसून लेखणी पुन्हा उचलली, ठराव शब्दशः लिहिला आणि मोठ्याने वाचला. आम्हा शिकल्यासवरल्यांच्या ध्यानात जे आले नव्हते, ते त्या निरक्षर बाईच्या ध्यानात आले होते.

नळ काही दुसऱ्या दिवशी आला नाही. अंदाजपत्रक झाले, मंजुरीसाठी कागद तालुक्याला गेले, परत आले. पुढच्या प्रत्येक सभेत काकू उठत आणि एवढेच विचारीत, "मागच्या ठरावाचं काय झालं?" दुसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडाशी आळीत पाणी आले. त्यानंतर वर्षभराने रस्ताही झाला.

आपल्याच राज्यात, गडचिरोली जिल्ह्यात मेंढा नावाचे लहानसे गाव आहे. तेथील ग्रामसभेत सर्वांचे एकमत होईपर्यंत विचारविनिमय चालतो. भोवतालच्या सुमारे १८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क २००९ साली सरकारने मान्य केला. नियमाने एकत्र बसून बोलणाऱ्या माणसांचे ते बळ आहे.

मुलांनो, तुमचे नाव अजून मतदारयादीत नाही. त्यासाठी अठरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. पण फलकावरील नोटीस तुम्हांला वाचता येते. ती घरी आजीला वाचून दाखवा, आईला सभेची वेळ सांगा, आणि त्या वेळेपुरते घरचे एखादे काम आपल्या अंगावर घ्या. म्हणजे तिला जाता येईल.

पारावरचे बोलणे वाऱ्यावर जाते. सभेतले बोलणे वहीत उतरते. आजही कमानीखालून जाताना मला ती दुपारची झोप आठवते, आणि मी पुढच्या सभेची तारीख मनाशी पक्की करतो.