सही कुणाची?

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. गेला महिनाभर एका कागदाने डोकं खाल्लंय, म्हटलं इथे लिहून मोकळं व्हावं. करमाडची मंडळीही हे वाचतात, तेव्हा दादा-वहिनी, रागावू नका.

तर झालं असं, आईचा फोन आला. "मला नळ्या लावून ठेवायचं नाही, असा कागद करून दे." वय अठ्ठ्याहत्तर, तब्येत ठणठणीत. पण कारण मला ठाऊक होतं. आमच्या गल्लीतले एक काका दोन वर्षांपूर्वी जालना रोडवर मोटरसायकलवरून पडले. डोक्याला मार. शहरात अकरा दिवस व्हेंटिलेटरवर, आणि खाली जिन्याजवळ चटया टाकून सगळं घर. अकराव्या दिवशी मुलांनी "आमच्या जबाबदारीवर घरी नेतो" या कागदावर सही केली. ॲम्ब्युलन्समध्ये फुगा दाबत दाबत करमाडपर्यंत आणलं, ओसरीवर निजवलं, तोंडात पाणी घातलं. मेंदू पूर्ण गेला होता की आशा होती, हे त्या घरात आजही कुणाला नीट सांगता येत नाही. पैसे संपले होते, एवढं सगळे सांगतात.

आई तेव्हा त्या ओसरीवर होती.

आपल्याकडे 'कोमात गेला' या एका शब्दात सगळं बसवतात. प्रत्यक्षात फार फरक आहे. 'ब्रेन डेड' म्हणजे मेंदूचं खोडच बंद पडलेलं, स्वतःचा श्वास नाही. अवयवदानासाठी असा मृत्यू 1994च्या कायद्याने मानला आणि त्यासाठी चार डॉक्टरांचं मंडळ सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासतं. दुसरी अवस्था वेगळी. श्वास चालू, डोळे उघडे, झोप-जाग चालू, पण जाणीव असल्याची खूण नाही. तिथे मशीन काढायचा प्रश्नच येत नाही, कारण मशीनच नसतं. उरतं ते भरवणं.

अरुणा शानबाग तशा होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका, मूळच्या कर्नाटकातल्या हळदीपूरच्या. 27 नोव्हेंबर 1973ला तिथल्याच सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने गळा आवळून हल्ला केला, मेंदूचा प्राणवायू तुटला. त्यानंतर 18 मे 2015पर्यंत, म्हणजे जवळजवळ 42 वर्षं त्या त्याच रुग्णालयात होत्या. पिंकी विराणींनी त्यांच्यावर पुस्तक लिहिलं आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात मागणी केली की भरवणं थांबवू द्या. केईएमच्या परिचारिकांनी कडाडून विरोध केला. 7 मार्च 2011च्या निकालात न्यायालयाने ठराविक परिस्थितीत उपचार थांबवता येतील हे तत्त्व मान्य केलं, मात्र उच्च न्यायालयाची परवानगी घालून. अरुणांच्या बाबतीत नकार दिला.

मला त्या निकालातली एक गोष्ट सोडत नाही. न्यायाधीशांना ठरवावं लागलं की या बाईचं आपलं माणूस कोण? नातेवाईकांचं येणं केव्हाच थांबलेलं. विराणींची कळकळ खरी. पण न्यायालयाने कौल दिला तो परिचारिकांना, ज्या पिढ्यान्‌पिढ्या तिला न्हाऊ-माखू घालत होत्या, कूस बदलत होत्या. निर्णय त्यांचा. (गंमत बघा, अंत्यविधीच्या वेळी नातेवाईक आले तेव्हा हाच वाद पुन्हा उभा राहिला होता.) मला हा कौल पटतो. खटकतं ते दुसरंच... अरुणांना स्वतःला काय हवं होतं हे कुणालाच माहीत नव्हतं. पंचविशीतल्या मुलीला कोण विचारून ठेवतं?

म्हणूनच आईचा कागद महत्त्वाचा. 9 मार्च 2018ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने 'लिव्हिंग विल' मान्य केलं, पण दंडाधिकाऱ्यासमोर जाण्याची अट इतकी किचकट की करणार कोण! जानेवारी 2023मध्ये ती सोपी झाली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. वेळ आलीच तर आधी रुग्णालयाचं आणि मग दुसरं डॉक्टरांचं मंडळ तपासतं, आणि त्यांनी शक्यतो 48 तासांत मत द्यायचं असतं. आपण बोलू शकत नसू तेव्हा निर्णय कुणी सांगायचा, त्याचं नाव कागदात लिहावं लागतं. एकाहून जास्त नावंही चालतात.

इथेच गाडी अडली. मी गृहीत धरलं होतं, दादाचं किंवा माझं. आई म्हणाली, "तुझं नको. तू पुण्याहून येईस्तोवर मला चार नळ्या लागतील. आणि दादा रडेल, सही नाही करायचा."

"मग?"

"सुनबाईचं लिही. तिला माझं दुखणं कळतं."

खरंच आहे ते. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तीन महिने आईचं सगळं वहिनीनेच केलं. मी दोन शनिवार-रविवार जाऊन आले आणि फोनवर सूचना दिल्या, लेकी देतात तशा. :)

पण वहिनीने ऐकलं आणि हातातली भाजी तशीच ठेवली. "आई, तुम्ही सांगाल ते करीन. हे नाही. उद्या गाव म्हणेल, सुनेने सासूला मारलं."

मी कायदा समजावला. मशीन वहिनी काढणार नाही, मंडळ तपासतं, दंडाधिकाऱ्यांनाही कळवावं लागतं, वगैरे. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "ताई, दंडाधिकारी करमाडला येऊन बायकांना सांगणार आहेत का?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या काकांच्या मुलांना कुणी बोल लावला नाही, तिथे सही मुलांची होती. सुनेची असती तर?

सध्या तोडगा असा निघालाय की दादा आणि वहिनी, दोघांचीही नावं लिहायची. दादा अजून "बघू" म्हणतोय. आई रोज विचारते, झाला का गं कागद. कच्चा मसुदा पंचांगाखाली ठेवलाय, नोटरीला दिवाळीनंतरच गाठणार. आणि हो, वहिनीने तिच्या आईलाही विचारलं म्हणे, तुझं काय लिहायचं? त्या माउलीने विषयच बदलला.

तुमच्यापैकी कुणी असा कागद केला असेल तर कुणाचं नाव घातलंत ते जरूर कळवा.