कुलूप कोणी लावले?

संगणक आणि आम्ही यांचे सख्य तसे बेताचेच. मराठी घेऊन एम. ए. झालो, पेडणे तालुक्यातील सरकारी शाळांत शिकवले आणि केस पिकल्यावर मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसलो. तेव्हा हे यंत्र कचेरीत आधीच येऊन बसले होते. तरीही एका पावसाळ्याच्या तोंडावर त्याने आम्हांस जो धडा दिला, तो वाचकांपुढे ठेवावासा वाटतो.

शाळेचे जनरल रजिस्टर आमच्या संगणक-शिक्षिकेने हौसेने संगणकावर उतरवले होते. सारी माहिती ‘एसक्यूलाइट’ पद्धतीच्या एकाच फाइलीत. रिचर्ड हिप यांनी २००० साली प्रथम प्रसृत केलेली ही प्रणाली आज बहुतेक मोबाइलांतही असते. कचेरीतील यंत्राला सर्व्हर करून बाईंनी त्यावरून दाखले काढण्याची सोय केली. दाखल्याचा क्रमांक फाइलीत नोंदला गेला, तरच दाखला छापला जाई.

जुने यंत्र थकले, म्हणून फाइल नव्या यंत्रावर नेली. आणि दुसऱ्याच दिवशी आमच्याच हरमलचा एक रापणकार मुलीला घेऊन दारात उभा राहिला. अकरावीच्या प्रवेशाचा तो शेवटचा दिवस. बाईंनी कळ दाबली. उत्तर आले : ही फाइल वाचता येईल, तीत लिहिता येणार नाही.

फाइलीची मालकी बाईंच्या नावावर होती. सर्व्हर मात्र ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ या वेगळ्या नावाने काम करतो. बाईंनी त्याला फाइलीवर लिहिण्याचा अधिकार दिला, तरी काम अडलेच. काही बदलण्यापूर्वी एसक्यूलाइट मूळ मजकुराची नक्कल त्याच फोल्डरात ‘जर्नल’ नावाच्या फाइलीत ठेवते. म्हणून फोल्डरावरही अधिकार लागतो. कपाटाची किल्ली दिली, खोलीची द्यायची राहिली, असा प्रकार! तो अधिकार देऊन बाई आमच्या खोलीत हे समजावून सांगण्यास आल्या. परत जाऊन पाहतात, तो नवी तक्रार : ‘डेटाबेस इज लॉक्ड’.

अडीच वाजले होते. बाहेर पाऊस, मुलगी छत्रीची मूठ घट्ट धरून आमच्याकडे पाहत होती. आमचा धीर सुटला. “बाई, सगळ्यांना सगळे अधिकार देऊन टाका, आणि ती जर्नल पुसून टाका!” ‘७७७’ हा त्यासाठीचा आकडा आम्ही कोठेतरी ऐकला होता.

बाई शांतपणे म्हणाल्या, “सर, कुलूप आहे म्हणजे आत कोणीतरी आहे. आधी कोण ते पाहू.”

‘एलसॉफ’ नावाची एक आज्ञा त्यांनी दिली. फाइल कोणत्या कार्यक्रमाने उघडी ठेवली आहे, ते तीवरून कळते. मधल्या वेळात आमच्या कारकुनांनी त्याच यंत्रावर ती फाइल दुसऱ्या कार्यक्रमातून उघडली होती. त्या मुलीच्याच वडिलांच्या नावातील चुकलेला ऊकार त्यांनी सुधारला आणि तो बदल कायम करण्याआधीच, ती खिडकी खाली सारून, ते चहाला गेले. एसक्यूलाइट एका वेळी एकालाच लिहू देते. तो हक्क अजून त्यांच्याच कामाकडे होता. त्यांना बोलावले, बदल कायम झाला, कुलूप निघाले. दाखला छापला गेला, आणि तोही शुद्ध नावाचा.

आमचे ऐकले असते तर? अधिकार वेगळा आणि कुलूप वेगळे. ‘७७७’ने कुलूप निघाले नसतेच, उलट त्या यंत्रावरील कोणालाही रजिस्टरात खाडाखोड करता आली असती. आणि अर्धवट लिहिले असताना वीज गेली, तर फाइल पूर्वस्थितीला आणण्याचा आधार ती जर्नलच. ती पुसली असती, तर एका दाखल्याच्या घाईत साऱ्या शाळेचे रजिस्टर बिघडण्याची भीती होती. पावसाळ्यात आमच्याकडे वीज कितीदा जाते, हे आम्हांस का ठाऊक नव्हते! संध्याकाळी आम्ही बाईंची क्षमा मागितली.

वाचकहो, आपल्या मंडळांच्या सभासद-याद्या, वंशावळीही आता अशा फाइलींत जात आहेत. फाइल सर्व्हरच्या सार्वजनिक फोल्डराबाहेर ठेवावी. सर्व्हर व नेमलेली माणसे यांनाच फाइलीवर ६६० व फोल्डरावर ७७० इतका अधिकार असावा. कुलूप दिसताच काही सेकंद थांबण्याची सूचना प्रणालीला देऊन ठेवावी. तरीही अडले, तर तोडण्याआधी विचारावे : आत कोण आहे? आमच्या बाबतीत आत बसले होते ते त्या मुलीचेच काम.