जिना चढताना की उतरताना?

मंडळी, एक कोडं घालतो. माणसाचं हृदय जिना चढताना जास्त धडधडेल की उतरताना? चढताना, हो ना? पण काही पेसमेकरना नेमकं उलटं वाटतं!

आमच्या मोठ्या काकांनी भोसरी एमआयडीसीत पॉवर प्रेसवर तीस वर्षं काढली. आता छातीत पेसमेकर आहे. चाकणला मुलीकडे रिक्षाने निघाले की म्हणायचे, "अरे, बसल्याजागी कसली धडधड होते रे?" घरच्यांचं उत्तर ठरलेलं, "वय झालं, काका."

मी गाड्यांचे सेन्सर तपासून पोट भरतो, त्यामुळे मला वेगळीच शंका आली. इंजिनाचं नॉकिंग ओळखायला जसा क्रिस्टल असतो, तशाच तत्त्वावर अनेक पेसमेकर शरीराची हालचाल ओळखतात. कंप वाढला म्हणजे माणूस चालतोय, वाढवा ठोके! उतरताना पाऊल जोरात आदळतं, म्हणून ठोके जास्त. आणि खड्ड्यांतून रिक्षा गेली तर? त्या बिचाऱ्या क्रिस्टलला काय कळणार, की धावतेय ती रिक्षा, काका नव्हेत!

ही झाली भाबडी चूक. दुसरी मात्र जिवावर बेतणारी. काही पेसमेकर छातीतून अगदी सूक्ष्म प्रवाह सोडून श्वासाचा अंदाज घेतात. डिसेंबर २०१७ मध्ये बोस्टन सायंटिफिकने डॉक्टरांना कळवलं, की आपल्या काही पेसमेकरमध्ये वायरच्या जोडात अधूनमधून गडबड झाली, तर हाच संकेत हृदयाचा ठोका समजला जाऊ शकतो. मग 'हृदय चालू आहे' असं समजून यंत्र गप्प बसतं, आणि पेशंटला भोवळ येते, शुद्धही हरपते. उपाय होता तो सेन्सर बंद करण्याचा. त्याला ऑपरेशन लागत नाही, बाहेरून प्रोग्रामरने होतं. पुढे सॉफ्टवेअरही सुधारलं.

कारखान्यात सेन्सर चुकला की लाल दिवा लागतो, लाइन थांबते. छातीतल्या यंत्राचा लाल दिवा म्हणजे पेशंटचं बोलणं, आणि तेच आपण 'वय झालं' म्हणून विझवतो. मी काकांना म्हटलं, "धडधड झाली की तारीख-वेळ वहीत लिहा. चक्कर आली तर मात्र वही बाजूला ठेवा, थेट डॉक्टर गाठा." पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी वही वाचली, यंत्रातल्या नोंदी पाहिल्या आणि सेन्सरची संवेदनशीलता कमी केली. दहा मिनिटांचं काम!

वैद्यकीय उपकरणांच्या अशा घटना नोंदवायला भारतात २०१५ पासून मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम आहे. पण नोंद व्हायची तर आधी कुणीतरी ऐकून घ्यायला हवं. तुमच्या घरात कुणाला पेसमेकर असेल, तर त्याचं कार्ड एकदा नीट पाहा, आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांना विचारा, "यात कोणता सेन्सर चालू आहे?"