हॉलमध्ये कोण हसलं

२०१४ च्या व्हॅलेंटाइन डेला ‘फँड्री’ लागला. अजय-अतुलचं गाणं आधीच सगळ्यांच्या मोबाइलमध्ये वाजत होतं. जालन्यात थिएटरबाहेर पडणाऱ्या पोरांची पहिली तक्रार हीच, की गाणं पिक्चरमध्ये नाहीच. दुसरी तक्रार, की शेवट कळला नाही. लव्हस्टोरी बघायला आलेल्यांना दीड-दोन तास डुकरं दाखवली, चिडणारच ना.

मी तेव्हा अकरावीत होतो. नागराज मंजुळेंचा हा पहिला मोठा सिनेमा, त्याला पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हे नंतर कळलं. मला लक्षात राहिलंय ते हॉलमधलं हसू.

जत्रेत डुकरामुळे पालखीचा खोळंबा होतो, म्हणून कचरू मानेला डुकरं धरायला सांगतात. पोरीचं लग्न ठरवायचंय, पैसे हवेत, त्यामुळे तो नाही म्हणू शकत नाही. अख्खं कुटुंब शाळेशेजारी डुकरामागे धावतं. जब्या लपत राहतो, कारण बघणाऱ्यांत शालू आहे. पडद्यावरचं गाव खिदळतं, टोमणे मारतं. आणि आमचा हॉलही खिदळत होता. काही वेळानं कुठलं हसू स्पीकरमधलं आणि कुठलं मागच्या रांगेतलं, हे वेगळं करता येईना. तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, माने कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं आणि समोरचं डुक्कर निवांत निघून जातं. आमच्या पुढच्या रांगेतले दोघं उभे राहिले. त्यांना बघून आणखी काही उठले.

माझ्या शेजारी वर्गातला मित्र बसला होता. भोकरदन तालुक्यातला. त्याचे आजोबा टोपल्या विणायचे. तो एकदाही हसला नाही. इंटरव्हलमध्ये कुणीतरी विचारलं, ‘फँड्री’ म्हणजे काय रे?

“डुक्कर,” तो म्हणाला. “कैकाडी शब्द आहे. आमच्या घरात बोलतात.”

आठवीपासून आम्ही एका बाकावर बसत होतो. त्याच्या घरची भाषा वेगळी आहे, हे मला त्या दिवशी समोशाच्या स्टॉलपाशी कळलं. विचारणाऱ्यानं “अच्छा” म्हणून मोबाइल काढला.

“आता कुठे राहिलंय असं, जुन्या काळातलं दाखवलंय,” हे मी त्या वर्षी बऱ्याच शिकलेल्या माणसांकडून ऐकलं. जब्याच्या गावात मोबाइल आहेत, मोटारसायकली आहेत, तरी हे म्हणणं होतंच. सिनेमा लागून अडीच महिने झाले होते, तेव्हा २८ एप्रिलला नगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात १७ वर्षांच्या दलित मुलाला मारून झाडाला लटकवलं. सवर्ण मुलीशी बोलतो, असा संशय. २०१७ मध्ये सत्र न्यायालयात आरोपी निर्दोष सुटले.

नोकरीला लागल्यावर पुण्यात रूममेट्सबरोबर लॅपटॉपवर पुन्हा पाहिला. तिथं कुणीच हसलं नाही. सगळ्यांना ही ‘महत्त्वाची फिल्म’ आहे हे माहीत होतं. डुक्कर खांद्यावरून नेताना मागच्या भिंतीवर आंबेडकर, फुले, शाहू दिसतात, तिथं पॉज करून चर्चा झाली. कॅमेरा अँगल वगैरे. खरं सांगायचं तर जालन्यातला गोंगाट मला जास्त प्रामाणिक वाटतो.

शेवटी जब्याचा दगड थेट कॅमेऱ्यावर येतो आणि पडदा काळा होतो. आमच्या हॉलमध्ये दोन क्षण सन्नाटा, मग एक शिट्टी. मला तो दगड फार आवडतो, हे मी मित्राला गेल्या दिवाळीत पुन्हा सांगितलं. तो आता औरंगाबादला असतो, मुलगी दोन वर्षांची आहे.

“तुम्हा सगळ्यांना दगडच आवडतो,” तो म्हणाला. “मी किशोर कदमकडं बघत होतो. पोरानं सगळ्या गावासमोर दगड मारला. आता संध्याकाळी त्याच घरी जायचंय, त्याच गावात राहायचंय. कचरूनं त्याला झोडपलं असेल का जवळ घेतलं असेल?”

मी म्हटलं, झोडपलं असेल.

“मला नाही वाटत,” तो म्हणाला, आणि मुलगी रडायला लागली म्हणून फोन ठेवला.