सोडलेलं की सांडलेलं

खुलताबादहून म्हैसमाळकडे जाताना मुरमाड उतारांवर उन्हाळ्यात पातळ काळी पपडी दिसते. मृगाच्या पहिल्या सरी आल्या की ती फुगते, हिरवट-तपकिरी आणि बुळबुळीत होते. हे नॉस्टॉक. आपण त्याला नील-हरित शेवाळ म्हणतो, पण जातीनं ते जिवाणू, सायनोबॅक्टेरिया. त्या बुळबुळीत पेशींनी बाहेर सोडलेली प्रथिनं शोधणं हे माझं काम.

प्रथिनाला बाहेर पडणं सोपं नसतं. वाटेत दोन पटलं आणि त्यांच्यामध्ये पेप्टिडोग्लायकनची भिंत. सेक यंत्रणा आतल्या पटलातून प्रथिन उलगडून नेते, सुईच्या नेढ्यातून दोरा ओवावा तसं. टॅट यंत्रणा मात्र घडी घातलेलं प्रथिन अख्खं पार करते. सायनोबॅक्टेरियाची अडचण आणखी वेगळी. त्यांच्या पोटात प्रकाशसंश्लेषणाची थायलॅकॉइड पटलं असतात आणि तिथंही हीच यंत्रं बसवलेली असतात. मग कोणतं प्रथिन थायलॅकॉइडकडं आणि कोणतं बाहेर, हे पेशी कशावरून ठरवते? हा प्रश्न मला सर्वात सुंदर वाटतो, आणि तो अजून पुरता सुटलेला नाही.

माझ्या हातातला प्रश्न त्याहून साधा, पण रोजचा: पाण्यात सापडलेलं प्रथिन पेशीनं सोडलं, की पेशी फुटून सांडलं? इथं रंग मदतीला येतो. फायकोसायनिन हे निळं रंगद्रव्य-प्रथिन पेशीच्या आतलं, पण पाण्यात सहज विरघळणारं. पेशी फुटली की पाणी निळसर होतं. डोळ्यांना दिसलं नाही तरी ६२० नॅनोमीटरला प्रकाश किती शोषला जातो ते पाहिलं की कळतं. निळं निघालं तर तो नमुना मी बाजूला ठेवते, मग जेलवर प्रथिनाचा पट्टा कितीही ठसठशीत उमटलेला असो.

म्हणून नवीन मुलांच्या हातातून मी खलबत्ता आधी काढून घेते. पपडी कुटायची नाही. ऊर्ध्वपातित पाण्यात भिजत ठेवायची, तिच्या गतीनं फुगू द्यायची आणि वरचं पाणी अलगद ओतून घ्यायचं. नॉस्टॉक कम्यून या जातीच्या अशाच पाण्यात डब्ल्यूएसपीए हे जलताण प्रथिन, म्हणजे पाण्याच्या ताणात बनणारं प्रथिन, भरपूर मिळतं. १९८९ साली शेरर आणि पॉट्स यांनी अशा जलताण प्रथिनांचं वर्णन केलं. कोरडेपणा आणि अतिनील किरण वाढले की पेशी ती बनवून भोवतीच्या बहुशर्करांच्या लगद्यात सोडते. संग्रहालयात शंभरहून अधिक वर्षं सुकून पडलेलं नॉस्टॉक पाणी मिळताच पुन्हा जागं झाल्याची नोंद आहे. त्या चिवटपणात या लगद्याचा वाटा मोठा.

प्रयोगशाळेच्या फ्लास्कमध्ये पाण्याला तोटा नसतो, त्यामुळे तिथं वाढवलेल्या पेशींवर हा ताण येत नाही. वैशाखातल्या उतारावरची पपडीच लागते. वेरूळच्या लेण्यांतल्या काळ्या थरांचा मोह होतो, पण त्या भिंती खरवडायच्या नाहीत. या वर्षी मुरमावरच्या एकाच जागी दगड मांडून खूण केली आहे. मृगाआधीची पपडी वेचून झाली, आता त्याच जागची भिजलेली घ्यायची आहे.