‘लिनक्सवर गेम चालतात का?’

लोणी काळभोरच्या राजबागेत, जिथे एकेकाळी राज कपूर यांचं फार्म होतं, तिथे आज एमआयटी-एडीटी विद्यापीठ उभं आहे. शिकायला आलेली मुलं गावात आणि सोलापूर रस्त्याच्या कडेने खोल्या घेऊन राहतात. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांकडे थोरल्या भावाबहिणीने वापरून दिलेला लॅपटॉप असतो. 14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10चा नियमित सपोर्ट थांबवला आणि विंडोज 11 तर अशा जुन्या प्रोसेसरवर अधिकृतपणे चालतच नाही. अशा धडधाकट मशीनला लिनक्स ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम नवं आयुष्य देते. पण मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘गेम चालतील का?’

लिनक्सवर गेम चालवून पाहणं आणि नवख्यांना ते शिकवणं हे माझं काम. या प्रश्नाचं सगळ्यात भरवशाचं उत्तर स्वयंसेवकांनी लिहून ठेवलेल्या नोंदींत सापडतं.

त्या नोंदींकडे वळण्याआधी थोडा इतिहास. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारा ‘वाइन’ हा प्रकल्प 1993 साली सुरू झाला. त्याची 1.0 आवृत्ती यायला 2008 उजाडलं. दरम्यान लोकी सॉफ्टवेअर या अमेरिकी कंपनीने 1998 पासून नावाजलेले गेम लिनक्सवर आणून विकायचा घाट घातला. 2002च्या सुरुवातीला तिला टाळं लागलं. चित्र पालटलं ते 2018मध्ये. फिलिप रेबोले या प्रोग्रॅमरला ‘निअर: ऑटोमाटा’ लिनक्सवर खेळायचा होता, म्हणून त्याने ‘डीएक्सव्हीके’ लिहायला घेतलं होतं. विंडोजचे गेम पडद्यावर चित्र उमटवायला डायरेक्टथ्रीडीच्या भाषेत हुकूम सोडतात. हे साधन दुभाष्यासारखं मध्ये बसून तेच हुकूम लिनक्सच्या ड्रायव्हरला कळणाऱ्या व्हल्कनमध्ये सांगतं. ‘स्टीम’ हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने त्याला वाइनची जोड देऊन ऑगस्ट 2018मध्ये ‘प्रोटॉन’ आणलं. त्याचा सोर्स कोड सगळ्यांना खुला आहे.

त्याच वर्षी ‘प्रोटॉनडीबी’ ही जाहीर नोंदवही सुरू झाली. कोणता गेम कोणत्या मशीनवर कसा चालला, हे खेळणारेच तिथे लिहितात आणि त्यावरून गेमला प्लॅटिनमपासून ‘बोर्क्ड’पर्यंत श्रेणी मिळते. बोर्क्ड म्हणजे चालतच नाही.

नवा स्वयंसेवक पहिलं काम शिकतो ते नोंद लिहिण्याचं. ‘चालत नाही’ एवढ्याने कोणाचंच भागत नाही. समजा, हाताशी चौथ्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचा लॅपटॉप आहे आणि गेमची खिडकी उघडते न उघडते तोच मिटते. स्टीममध्ये त्या गेमच्या लॉन्च ऑप्शन्समध्ये लॉग चालू करणारी एक ओळ टाकली, की पुढच्या वेळी होम फोल्डरमध्ये गेमच्या क्रमांकाची फाइल तयार होते. ती वाचली की धागा हाती लागतो. नोव्हेंबर 2022मध्ये आलेल्या डीएक्सव्हीके 2.0पासून व्हल्कन 1.3 लागतं आणि या प्रोसेसरचे ग्राफिक्स तिथवर पोचत नाहीत. मग प्रोटॉनची जुनी आवृत्ती निवडायची किंवा व्हल्कनऐवजी ओपनजीएलचा मार्ग धरायचा. काही गेम तेवढ्याने सुरू होतात. प्रोसेसर, कर्नल, मेसा ड्रायव्हर आणि प्रोटॉन यांच्या आवृत्त्यांसकट हे सगळं लिहिलं, की तसाच लॅपटॉप असलेल्या नांदेडच्या किंवा नैरोबीच्या मुलाचे दोन दिवस वाचतात.

जे चालत नाही तेही स्पष्ट सांगायला हवं. ‘व्हॅलोरंट’ लिनक्सवर चालत नाही, कारण त्याचं अँटीचीट, म्हणजे लबाडी पकडणारा प्रोग्रॅम, थेट विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, बसतं. ‘एपेक्स लेजंड्स’ चालत होता. 2024च्या अखेरीस तो बनवणाऱ्या कंपनीने लिनक्सवाल्यांना दार बंद केलं. ईझी अँटीचीट आणि बॅटलआय या अँटीचीटवाल्यांनी 2021मध्येच प्रोटॉनची सोय केली, पण ती वापरायची की नाही हे गेम बनवणारा ठरवतो. मित्राला ‘सगळं चालतं’ म्हणून लिनक्स टाकून दिलं, तर आठवड्यात तो विंडोजवर परततो आणि पुन्हा कोणाचं ऐकत नाही. प्रचार करणाऱ्याने आधी त्याचे आवडते गेम विचारावेत, नोंदी पाहाव्यात आणि मगच पेन ड्राइव्ह काढावा.

पुण्यात अशा कामाची परंपरा जुनी आहे. पुणे लिनक्स युझर्स ग्रुप, सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत भरणारा ‘ग्नूनिफाय’ मेळावा, फेडोरा लिनक्सच्या 2011 साली सीओईपीत आणि 2015 साली एमआयटी अभियांत्रिकी महाविद्यालयात झालेल्या ‘फडकॉन’ परिषदा, या सगळ्यांमागे पदरमोड करून राबणारी माणसं होती. त्यांनी भाषांतरं केली, बग शोधले, अनोळखी मुलांच्या मशीन लावून दिल्या. गेमिंगच्या वाटेने येणाऱ्यांनी हाच वारसा पुढे न्यायचा आहे.

कामाला तोटा नाही. मौर्यांचं सैन्य उभं करता येणारा ‘झिरो एडी’ किंवा ‘सुपरटक्सकार्ट’ मुळातच मुक्त आहेत. त्यांना चाचणी करणारे, चित्रकार, अनुवादक हवे असतात. गोडो हे गेम बनवायचं इंजिनही 2014पासून मुक्त आहे, तेव्हा डिझाइन शिकणाऱ्यांना लायसन्सचा खर्च न करता आपला गेम थेट लिनक्सवर आणता येतो.

दिवाळीच्या सुट्टीत घरातला बाजूला पडलेला लॅपटॉप काढा. आधी फाइलींचा बॅकअप घ्या, लिनक्स टाका आणि एक गेम लावून बघा. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स स्टुडिओचा 2020 सालचा ‘राजी’ सुरुवातीला घ्यायला हरकत नाही. चालला तरी लिहा, अडला तरी लिहा. नोंद इंग्रजीत लिहावी लागते, पण तोडकंमोडकं इंग्रजी चालतं. आवृत्त्यांचे आकडे तेवढे बिनचूक हवेत.