बाईंचं देणं

वसईतल्या आमच्या धर्मग्रामात रविवारची मिस्सा संपली की बाई धर्मशिक्षणाचा वर्ग घ्यायच्या. माझ्या ठायी आज जी काही श्रद्धा आहे, ती बऱ्याच अंशी त्यांची देणगी आहे.

पहिला ख्रिस्तप्रसाद घेताना माझं लक्ष नव्या पांढऱ्या कपड्यांत आणि घरी जमलेल्या पाहुण्यांत होतं. पोप दहावे पायस यांनी 1910 साली मुलांना साधारण सातव्या वर्षापासून ख्रिस्तप्रसाद घेण्याची वाट मोकळी केली. साधी भाकर आणि ख्रिस्तप्रसाद यांतला फरक मुलाला कळावा, ही त्यांची एक मुख्य अपेक्षा होती. मला तो फरक नुसता पाठ होता.

दृढीकरणाच्या वेळीही तेच. पवित्र आत्म्याची सातही दानं मी न अडखळता म्हणून दाखवली. बिशपांनी कपाळाला क्रिझमचं तेल लावलं. बरोबरीची मुलं जात होती म्हणून मी गेलो होतो. पुढे कॉलेजसाठी मुंबईला ये-जा सुरू झाली आणि चर्च नाताळ-ईस्टरपुरतं उरलं.

वडील गेले, तेव्हा अंत्यविधीच्या मिस्सेत सगळ्या प्रार्थना तोंडी येत होत्या, पण एकीचाही आधार वाटेना. मी बाईंकडे गेलो. विचारलं, “बाई, माझं दृढीकरण पुन्हा करता येईल का? तेव्हा मी मनानं तिथे नव्हतोच.”

बाई म्हणाल्या, “अरे, ते पुन्हा करत नाहीत. तू तयार नव्हतास, पण देणारा तयार होता. त्यानं दिलेलं परत नेलेलं नाही. आता तू घे.”

मग त्यांनी नीट समजावलं. बाप्तिस्मा, दृढीकरण आणि गुरुदीक्षा आत्म्यावर कायमचा ठसा उमटवतात, म्हणून ते एकदाच देतात, असं ट्रेंटच्या धर्मसभेनं 1547 मध्ये सांगितलं. संस्कार खरा ठरतो तो ख्रिस्तामुळे. त्याचं फळ मात्र घेणाऱ्याच्या मनाच्या तयारीवरही अवलंबून असतं. मनातला अडसर दूर झाला, की आधी मिळालेली कृपा फळू लागते. करिंथकरांच्या पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय त्यांनी मला वाचायला लावला. प्रभूच्या मेजाशी येण्याआधी स्वतःला पारखून बघा, असं संत पौल तिथे बजावतात.

त्या आठवड्यात मी पापनिवेदनाला गेलो. लहानपणी पाठ केलेली यादी या वेळी कामाची नव्हती. शब्द सुचेपर्यंत फादर थांबले.

बाई आता नाहीत. त्यांचा वर्ग मी घेतो, त्यांच्याइतका चांगला नाही, पण त्यांना स्मरून. मुलांच्या आईवडिलांना माझी एकच विनंती असते: कपडे शिवायला टाकण्याआधी मुलाला जवळ घेऊन बसा, आपल्याकडे कोण येणार आहे ते त्याला सांगा. आणि तुम्ही स्वतः तयारीविना हे संस्कार घेतले असतील, तर उशीर झाला असं मानू नका.